आवरलेलं बंदर

बँकेची माणसं बंदर बघायला येणार आहेत, असा वरच्या ऑफिसातून फोन आला आणि साहेबांना आपलं बंदर किती घाणेरडं आहे ते इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं. पाहुणे येणार म्हटलं की नाही का, रोजच्याच भिंतीवर एकदम कोळिष्टकं दिसायला लागतात! तसंच.

एरवी त्या बंदराचं सगळं खेळीमेळीनं चाललेलं असे. क्रेन एकच. तिची मान वळता वळता मध्येच अडकायची, मग क्रेनवाला खाली उतरून एका ठरावीक बोल्टवर लाथ घालायचा आणि ती पुन्हा शहाण्यासारखी वळायची. वजनकाटा एकच, आणि त्याचा मूड सांभाळून वजन करावं लागे. धक्का एवढासा, त्याचंही एक टोक खचलेलं, त्यामुळे एका वेळी एकच जहाज लागायचं आणि दुसरं लांब पाण्यात उभं राहून भोंगे वाजवत बसायचं. ट्रकांची रांग फाटकापासून जी सुरू व्हायची ती टेकडीला वळसा घालून पेट्रोलपंपाच्याही पलीकडे. ड्रायव्हर लोक रांगेतच अंघोळ करायचे, रांगेतच दाढी करायचे, आणि नंबर लागेपर्यंत ती दाढी पुन्हा वाढलेली असायची. फळं थंड ठेवायची सोय म्हणाल, तर समुद्राचा वारा. तोही दुपारी जेवायला जायचा.

आता ही बँक म्हणजे आपल्या नाक्यावरची, पेनाला दोरी बांधून ठेवणारी बँक नव्हे. ही बँक देशांना कर्ज देते. गरीब देशांनी बंदरं बांधावीत, रस्ते करावेत, आपला माल बाहेर विकावा, चार पैसे कमवावेत आणि त्या चार पैशांतून बँकेचे हप्ते फेडावेत, इतका तिचा हेतू उदात्त. या खेपेला नवा धक्का, दुसरी क्रेन आणि फळांसाठी शीतगृह, एवढ्याचे पैसे द्यायला ती तयार होती. व्याज नावापुरतं. अडचण एकच, की पैसे एका बंदरापुरतेच आहेत आणि अर्ज आलेत दोन. दुसरा अर्ज किनाऱ्यानं खाली गेल्यावर लागणाऱ्या बंदराचा. तिथले प्रमुख मीटिंगमध्ये, जेवताना, मंत्र्यांशी बोलताना, कुठेही तोंड भरून जांभई देत, म्हणून खात्यात सगळे त्यांना जांभईसाहेब म्हणत. बँक दोन्ही बंदरं डोळ्यांनी बघणार आणि मग ठरवणार.

“त्या जांभईशी आपली स्पर्धा?” साहेब फोन ठेवून हसले. “झोपेत जिंकू.”

हेडक्लार्कही हसला. साहेब हसले की हसायचं, या एका नियमावर त्याची अख्खी नोकरी झाली होती.

साहेब माणूस वाईट नव्हता हो. लाच घेत नसे, हीच काय ती त्याची चैन. पण अब्रू नावाची एक गोष्ट त्याच्या मानेवर अशी काही बसली होती की तिला खाली उतरवून कधी बाजूला ठेवता येत नसे. त्याचं म्हणणं साधं होतं. कर्ज मागायला जाताना माणूस इस्त्रीचा शर्ट घालून जातो. फाटक्या बनियनवर गेलात तर कोण उभं करणार? म्हणजे बंदरालाही इस्त्री झाली पाहिजे. लगेच हुकूम सुटले. क्रेनला पिवळा रंग. भिंतींना चुना. खचलेल्या धक्क्यावर फळ्या टाकून वरून गालिचा. आणि ट्रकांची ती लाजिरवाणी रांग पाहुण्यांच्या आदल्या दिवशी उचलून टेकडीमागच्या मैदानात.

ही शेवटची बातमी टेकडीला वळसा घालून ताईकडे पोचायला वेळ लागला नाही. ताई म्हणजे साहेबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर पदर खोचून पपईच्या धंद्यात उतरली आणि बघता बघता बंदरावरची नावाजलेली व्यापारी झाली. तिच्या शेडमध्ये गल्लीतल्या बायका दिवसभर पपया कागदात गुंडाळून पेट्यांत भरायच्या. फळावर पिवळी रेघ दिसली की तोडायचं, बांधायचं आणि जहाजावर चढवायचं. समुद्रापलीकडे पोचेपर्यंत ते बेतानं पिकतं. मध्ये रांग आली की बेत कोसळला. पपईला काय कळतंय की अजून नंबर लागला नाही म्हणून!

ताई ऑफिसात शिरली तेव्हा हातांवर चिकाचे डाग तसेच होते. दार उघडं असलं की ती भावाला साहेब म्हणायची, लागलं की टिल्लू. आत आल्याबरोबर तिनं दार लावून घेतलं.

“टिल्लू, काय ऐकते मी? ट्रक लपवणार आहेस?”

“लपवणार नाही गं. तात्पुरते बाजूला उभे करणार.”

“म्हणजे लपवणारच. अरे, डॉक्टरकडे जाताना कोणी तोंडाला पावडर फासून जातं का? दुखतंय ते दाखवायचं असतं त्याला.”

“हे डॉक्टर नाहीत, बँकवाले आहेत. आणि परक्या माणसांसमोर आपली लक्तरं कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ झाकून धरलीस तर तिच्यात पैसे कोण ठेवणार रे, शहाण्या?”

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला. 

ताई खुर्चीत बसली. आवाज जरा उतरला. “हे बघ. पलीकडच्या माझ्या गिऱ्हाइकानं दोन खेपा परत पाठवल्या. सगळा माल मऊ. आता म्हणतोय, पुढची सोय होईपर्यंत थोडं थोडं घेतो, पण शीतगृह होणार असेल तरच. नाहीतर तो दुसऱ्या देशातून घेणार. तो गेला की मी बसले. तेवीस बायका आहेत शेडमध्ये, त्या पण बसल्या. तुझ्या त्या बँकेनं पैसे दिलेच पाहिजेत, टिल्लू. मला दुसरा रस्ता नाही.”

“अगं, म्हणून तर हा सगळा खटाटोप! तुझ्याचसाठी चाललंय.” साहेबांना मनापासून तसं वाटत होतं, हीच तर गंमत. “उलट मी तुलाच सांगणार होतो. त्या दिवशी दाखवायला चांगला माल हवा. तुझे दोन ट्रक सोड. सकाळी आले, काट्यावर गेले, लगेच जहाजावर चढले, असं दिसलं पाहिजे.”

एरवी साहेबाच्या बहिणीचे ट्रक इतरांसारखेच रांगेत सडायचे. पुढे घेतले तर लोक काय म्हणतील, यावर भावाबहिणीचं पूर्ण एकमत होतं. आज पहिल्यांदाच ते पुढे जाणार होते, आणि तेही नाटकासाठी. ताईनं कपाळावर हात मारला, पण ट्रक सोडते म्हणाली. पपईचं तरी भलं होईल.

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. साहेबांच्या बायकोनं घरचे पडदे ऑफिसला लावले. “अहो, त्या खिडक्यांना काहीतरी नको का?” असं म्हणत तिनं बैठकीच्या खोलीचं तोंड उघडं पाडलं. कपबशा घरच्या, ट्रे शेजारणीचा. हेडक्लार्कला तर नुसता ऊत आला होता. गोदीत एक अडगळीची खोली होती, तिथे जुने दोर आणि उंदीर राहायचे. हेडक्लार्कनं दोर काढले, उंदरांना समजावलं, खोलीत मासळीवाल्यांकडून बर्फाच्या लाद्या आणून रचल्या आणि बाहेर पाटी लावली: शीतगृह.

“अरे, पण शीतगृहच तर मागतोय आपण!” साहेब म्हणाले.

“साहेब, सुरुवात तरी केलीय असं दिसायला नको का? अगदीच हात हलवत बसलोय असं वाटायचं.”

साहेबांना ते पटलं. मूर्खपणा दुसऱ्याच्या तोंडून ऐकला की किती समंजस वाटतो, नाही? त्यांनी लाद्या आणखी मागवल्या.

बँकेकडून एक बाई आल्या. बरोबर एक दुभाषा आणि सतत फोटो काढणारा एक पोरगेलासा अधिकारी. बाई ठेंगण्या, पायात जाड बूट, डोक्यावर टोपी. चहाला नको म्हणून त्या थेट फाटकाकडे निघाल्या, आणि घरच्या कपबशा तशाच झाकलेल्या राहिल्या.

फाटकावर रांग नव्हती. रस्ता असा धुतलेला की त्यावर वाढून जेवावं. ताईचे दोन ट्रक डुलत डुलत आले, काटेवाल्यानं डोळ्याचं पातं लवायच्या आत वजन लिहिलं आणि ट्रक आत. बाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, काहीतरी टिपून घेतलं. साहेबांना आनंदानं घाम फुटला.

आता खरी धास्ती क्रेनची होती. क्रेनवाल्याला बजावून ठेवलं होतं, की अडकली तर पाहुण्यांसमोर लाथ मारायची नाही, काहीतरी तांत्रिक केल्यासारखं दाखवायचं. पण त्या दिवशी त्या मेलीच्या अंगात काय शिरलं होतं कोण जाणे! जन्मात वळली नव्हती तशी वळली. पेटी उचलली, गर्रकन फिरली, जहाजात अलगद ठेवली, परत आली. एकदा नाही, दोनदा नाही, सगळा माल संपेपर्यंत. क्रेनवाला वर बसून स्वतःच घाबरला. ताई खाली उभी राहून बघत होती आणि मनातल्या मनात म्हणत होती, अडक गं, एकदा तरी अडक. क्रेन ऐकेल तर शपथ.

बाई गालिच्यावरून चालत धक्क्याच्या टोकापर्यंत गेल्या. खालच्या फळ्या कुरकुरल्या, तर दुभाषा म्हणाला जुन्या लाकडाचा धक्का दिसतो, फार सुंदर. मग त्या पाटी वाचून अडगळीच्या खोलीत शिरल्या. आतल्या गारव्यानं त्यांच्या अंगावर काटा आला. त्या हसून काहीतरी बोलल्या.

“बाई म्हणतात, उत्तम थंड ठेवलंय,” दुभाष्यानं सांगितलं.

हेडक्लार्कनं साहेबांकडे असं पाहिलं, जणू विचारतोय, बढतीचा अर्ज आता देऊ की पाहुणे गेल्यावर.

 शीतगृह आहे म्हटल्यावर शीतगृहाला पैसे कोण देणार, हा विचार तिथे पहिल्यांदा साहेबांच्या मनात येऊन गेला, नाही असं नाही. पण तोंड उघडायचं म्हणजे काय सांगायचं? की बाई, हा मासळीचा बर्फ आहे, ही खोली उंदरांची आहे, टेकडीमागे ट्रक आहेत? सगळ्या स्टाफसमोर, दुभाष्यासमोर, त्या फोटोवाल्यासमोर? साहेबांनी हसून बाईंसाठी दार उघडून धरलं. 

निघता निघता बाईंना आपल्या रिकाम्या ट्रकांपाशी उभी असलेली ताई दिसली. त्या सरळ तिच्याकडे गेल्या. दुभाषा विचारू लागला.

“माल तुमचा?”

“माझा.”

“आज किती वेळ लागला?”

“आल्या आल्या आत.” हे खरंच होतं.

बाईंनी टोपी काढली. चेहरा एकदम साधा झाला, शेजारच्या घरातल्या बाईसारखा. त्यांनी पुढचा प्रश्न हळू आवाजात विचारला, आणि दुभाष्यानंही तो हळूच सांगितला. “बाई म्हणतात, साहेब इथे आहेत म्हणून संकोच करू नका. रोज असंच असतं का? काही त्रास असेल तर सांगा. आम्ही त्यासाठीच आलोय.”

बस. एवढंच तर हवं होतं. ताईनं तोंड उघडलं. दोन परत आलेल्या खेपा, मऊ पपया, तेवीस बायका, सगळं जिभेवर येऊन उभं राहिलं. आणि मग तिची नजर भावाकडे गेली. साहेब नव्या कोटात उभे होते. कोट पाठीत घट्ट झाला होता, ओठ पांढरे पडले होते, आणि दोन्ही हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. मागे अख्खा स्टाफ श्वास रोखून उभा.

“रोज असंच,” ताई म्हणाली. “आमचे साहेब फार कडक आहेत. काही त्रास नाही.”

बाईंनी एक क्षण तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि टिपून घेतलं.

पाहुणे गेल्यावर टेकडीमागून ट्रक सुटले. दोन दिवसांचे तुंबलेले ड्रायव्हर, त्यांचे हॉर्न आणि त्यांच्या तोंडच्या शिव्या एकदम फाटकावर येऊन आदळल्या. क्रेन दुसऱ्याच पेटीला अडकली. क्रेनवाल्यानं तिला आज दोन लाथा जास्त घातल्या.

साहेबांनी ताईला कोपऱ्यात गाठलं. डोळ्यांत पाणी होतं. “ताई, तू आज वाचवलंस मला.”

“तुझं तोंड बघवेना रे,” ताई म्हणाली. “लहानपणी नापास होऊन दारात उभा राहायचास ना, तस्सा उभा होतास.” मग तिनं चिकट हात साडीला पुसले. “जाऊ दे. इतकं देखणं बंदर बघून गेल्यात, देतील पैसे.”

पैसे दिले. जांभईसाहेबांना.

वरच्या ऑफिसातले मोठे साहेब फोनवर अगदी खूश होते. बँकेनं तुमचं काय कौतुक केलंय म्हणून सांगू! इतक्या तुटपुंज्या साधनांत इतका चोख कारभार त्यांनी कुठे पाहिला नाही. रांग नाही, खोळंबा नाही, शीतगृहसुद्धा आपल्या हिमतीवर उभं केलंय. व्यापारीसुद्धा समाधानी. अशा बंदराला पैसे देणं म्हणजे भरल्या पोटाच्या माणसाला जेवायला वाढणं. याउलट खालच्या बंदरात बाईंची गाडीच ट्रकांच्या रांगेत अडकली. अर्धा दिवस. शेवटी चिखलातून चालत ऑफिस गाठलं, तर तिथले प्रमुख पायात सपाता घालून बसले होते. जांभई देऊन म्हणाले, बघा बुवा, हे असं आहे. बाईंना फार कळवळा आला.

“हो, हो,” साहेब म्हणत राहिले. फोनवर हो म्हणायला बुद्धी लागत नाही.

“आणि ऐका. तिथे आता दोनतीन वर्षं खोदकाम चालणार. तोवर त्यांची जहाजं, त्यांचे ट्रक, सगळं तुमच्याकडे वळवतोय. तुमच्याकडे क्षमता नुसती पडून आहे, असं बँकेनं लिहिलंय. तुम्हाला मानाची ढालही मिळणार आहे.”

“सर, माझी बदली...” गेली काही वर्षं साहेब राजधानीच्या बदलीवर डोळा ठेवून होते.

“छे, छे! तुमच्यासारखा माणूस तिथून हलवायचा? वेड लागलंय का आम्हाला?”

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

मग काय, दोन बंदरांचा माल एका बंदरावर आणि एका क्रेनवर. रांग पेट्रोलपंप ओलांडून पुढच्या गावात शिरली आणि तिथल्या लोकांनी वड्याभज्यांसारखं काहीबाही विकायचे ठेले टाकले. बंदरामुळे भरभराट झाली ती त्यांची. समुद्रात जहाजं दाटीवाटीनं उभी. भोंग्यांमुळे साहेबांच्या बायकोला अर्धशिशी जडली. ऑफिसातल्या भिंतीवर ढाल आली. हेडक्लार्क ती रोज पुसायचा, आणि त्याला बढतीही मिळाली, उत्कृष्ट शीतगृह उभारल्याबद्दल. तक्रार करायची म्हणावी तर कुठल्या तोंडानं? आपणच दाखवलेलं बंदर आपणच खोटं म्हणायचं? साहेबांनी दोनदा पत्र लिहायला घेतलं आणि दोनदा फाडलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

ताईची काळजी मात्र त्यांना खरंच लागली होती. अधूनमधून ते तिच्या घरी जाऊन येत. ताई दारातच हसत उभी. चहा, बिस्किटं, पाठीमागे उशी.

“ताई, धंदा कसा चाललाय?”

“झकास. तू तुझं बघ. वाळलायस किती!”

“ते गिऱ्हाईक?”

“आहे की. जरा कुरकुरतो. पुरुष आहे, कुरकुरायचाच.”

“मी तुझे ट्रक पुढे घेऊ का? आता कोण काय म्हणेल ते म्हणू दे.”

“काही नको. उभ्या जन्मात एक डाग लागू दिला नाहीस, आता माझ्यापायी लावून घेऊ नकोस.”

साहेब निश्चिंत होऊन परत येत. कुणीतरी एक जण सुखात आहे, एवढ्यावर त्यांना त्या रात्री झोप लागे. ताईचं बरं चाललंय, असं ते बायकोलाही सांगत.

अशात पुन्हा वरून फोन आला. बँकेच्या त्याच बाई येताहेत, आणि या खेपेला पाच देशांच्या बंदरप्रमुखांना घेऊन. कमी पैशात बंदर कसं चालवावं ते बघायला. आदर्श नमुना म्हणून. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. क्रेनचा पिवळा रंग पोपडे धरून गळत होता. मैदानात ट्रक लपवायचे म्हणजे आता टेकडीच मोठी करावी लागली असती. हेडक्लार्क मात्र टुणकन उठला आणि बर्फवाल्याला फोन करू लागला.

पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी साहेब ताईच्या शेडकडे निघाले. घरी नाही, शेडकडे, कारण ट्रक मागायचे होते. ते तिथे कितीतरी महिन्यांत गेलेच नव्हते. गाठभेट व्हायची ती घरीच.

शेडचं दार लोटलं आणि त्यांना बरं वाटलं. काय स्वच्छ! फरशी धुतलेली. पेट्या एकावर एक नीट रचलेल्या. ना चिकाचा वास, ना पेंढा, ना माशा. ताई एकटीच स्टुलावर बसून काहीतरी शिवत होती.

“वा, ताई! किती छान ठेवलंयस गं! पाहुण्यांना इकडेच आणतो.” ते पेट्यांवरून हात फिरवत बोलत राहिले. “उद्याच्याला दोन ट्रक लागतील बघ, मागच्यासारखेच. माल कुठे आहे?”

ताईनं दोरा दातानं तोडला. साहेबांनी बोटाकडे पाहिलं. बोटाला धूळ लागली होती. त्यांनी वरची पेटी हलवली, ती रिकामी. खालची हलवली, तीही. मग त्यांनी पुन्हा एकदा त्या धुतलेल्या फरशीकडे पाहिलं. पपईच्या शेडची फरशी कधी अशी असते का? काम चालू असलं की पाय चिकटतो तिथे. इतकी साधी गोष्ट! आणि आपण वा म्हटलं.

“बायका कुठे गेल्या?”

“कुणी दुसरीकडे लागल्या, कुणी बसल्यात. त्या गिऱ्हाइकानं तिसरी खेप परत पाठवली. मग काही राहिलं नाही. ट्रक विकले. ही जागा सोडायची आहे, म्हणून धुऊन घेतली.”

“कधी?”

“झाले की बरेच दिवस. तुझी ती ढाल आली ना, त्याच्या आसपास.”

साहेब एका रिकाम्या पेटीवर बसले. पेटी करकरली. “मी येत होतो गं घरी! दर वेळी विचारत होतो तुला, कसं चाललंय म्हणून!”

“विचारत होतास. पण तोंड कसलं व्हायचं तुझं विचारताना! मी म्हटलं झकास, की लगेच तुझा जीव भांड्यात पडायचा. मग कशाला सांगू?”

साहेबांना रडू कोसळलं. चांगलं मोठ्यानं, नाक ओढत. ताईनं शिवण बाजूला ठेवलं आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. या हातांना आता चिकाचे डाग नव्हते.

साहेबांनी डोळे पुसले.  “ताई, बाई परत येताहेत. तू चल उद्या. या खेपेला सगळं खरं सांग त्यांना. मी शेजारी उभा राहतो. नोकरी गेली तर गेली.”

“येईन की,” ताई म्हणाली. “पण बाई व्यापाऱ्यांना विचारतात रे, टिल्लू. मला काय म्हणून विचारतील?”

 ताई उठली आणि त्यांना प्यायला पाणी आणायला आत गेली.